ऑनलाइन खरेदी-विक्रीतलं फिशिंग: कसं ओळखायचं, कसं टाळायचं

फिशिंग म्हणजे खोटा मेसेज किंवा खोटं पान दाखवून कार्डाचा तपशील, पासवर्ड, ओटीपी काढून घेणं. जुना कॅमेरा, कपाट किंवा मोबाइल विकण्यासाठी जाहिरात टाकली की पहिले काही तास सगळ्यात जोखमीचे असतात. खरे ग्राहक अजून फिरकलेले नसतात आणि आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यायची आपली घाई असते. अशात पहिला मेसेज येतो, अगदी साधा: ‘वस्तू आहे का अजून?’ दुसरा: ‘मला हवी आहे, किंमत मान्य.’ तिसऱ्या मेसेजात मुद्दा येतो: ‘मी बाहेरगावी आहे, कुरियर पाठवतो. पैसे भरून ठेवलेत, तुम्ही फक्त या लिंकवर जाऊन स्वीकारा.’

लिंक उघडली की ओळखीचं पान दिसतं. तोच लोगो, तेच रंग, मधोमध तुम्हीच काढलेला फोटो, तुम्हीच लिहिलेली किंमत आणि खाली ‘पैसे घ्या’ असं बटण. स्वतःच्या वस्तूचा फोटो दिसला की शंका विरते, आणि नेमकं त्यासाठीच ते पान तसं केलेलं असतं. ते कुणी हाताने बनवत बसत नाही. ‘क्लासिस्कॅम’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २०१९ मध्ये रशियात दिसली आणि तिथून इतर देशांत पसरली. टेलिग्राम या चॅट ॲपवरच्या बॉटला, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला, जाहिरातीची लिंक द्यायची. फोटो, नाव, किंमत उचलून तो लगेच पान तयार करून देतो. २०२३ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने ‘टेलिकोप्ये’ नावाच्या अशाच एका बॉटची माहिती प्रसिद्ध केली. तो वापरणारे ठग आपल्या सावजाला ‘मॅमथ’ म्हणतात.

याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. फसवणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येत नसलं, तुमची भाषा येत नसली तरी चालतं. त्यामुळे ‘भाषा अशुद्ध असेल तर मेसेज खोटा’ ही जुनी खूण आता भरवशाची राहिलेली नाही. पान कसं दिसतं यावरूनही काही ठरत नाही. दोनच गोष्टी पाहायच्या: पैसे कुठल्या दिशेने चाललेत, आणि या पानावर आपण कुणाच्या वाटेने आलो.

पैसे घेताना काय लागतं आणि काय लागत नाही

कुणी तुम्हाला पैसे पाठवणार असेल तर त्याला फक्त पैसे कुठे जमा करायचे एवढंच कळावं लागतं. खाते क्रमांक, बँकेचा कोड किंवा पैसे घेण्यासाठीचा तुमचा आयडी, बस. तोही शक्यतो खरेदीदाराला द्यायचा नाही. मार्केटप्लेसच्या, म्हणजे जिथे जाहिरात टाकली त्या साइटच्या, ॲपमध्ये आपल्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये एकदाच भरून ठेवायचा.

पैसे घ्यायला पुढच्या गोष्टी कधीच लागत नाहीत: कार्डाची मुदत, कार्डामागचे तीन आकडे, एटीएमचा पिन, पेमेंट ॲपचा पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड, ओटीपी. यातलं काहीही मागितलं की व्यवहार उलट्या दिशेने चाललाय असं समजावं. क्यूआर कोडचंही तेच. खरेदीदाराने पाठवलेला कोड स्कॅन करून तुम्हाला पैसे मिळत नाहीत. स्कॅन केल्यावर एक तर त्याला पैसे पाठवायचा स्क्रीन उघडतो, नाहीतर एखादी वेबसाइट.

ओटीपीच्या मेसेजातले सहा आकडे बघून बाकीचा मजकूर सोडून द्यायची सवय अनेकांना असते. ही एक सवय मोडली तरी बरंच नुकसान टळेल. बँकेच्या मेसेजात बहुधा रक्कम आणि ती कुणाला जातेय त्याचं नाव लिहिलेलं असतं. पैसे ‘घेण्यासाठी’ आलेल्या ओटीपीच्या मेसेजात खरेदीचा उल्लेख असेल, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. बँकेच्या ॲपमध्ये ‘मंजूर करा’ असा प्रश्न येतो तिथेही हेच: बटण दाबण्याआधी रक्कम आणि नाव मोठ्याने वाचा.

खोट्या पानावर पुढचा क्रम साधारण ठरलेला असतो, म्हणून तो माहीत असावा. आधी कार्डाचा तपशील मागतात. मग काही पानांवर ‘पडताळणीसाठी खात्यातली शिल्लक लिहा’ असा रकाना येतो. खरं पेमेंट पान तुम्हाला शिल्लक विचारत नाही. ठगाला मात्र एका फटक्यात किती काढता येतील ते ठरवायचं असतं. मग ओटीपी. तो टाकला की ‘तांत्रिक अडचण आली, पुन्हा प्रयत्न करा’ असं दिसतं आणि दुसरा ओटीपी येतो. हा दुसऱ्या कपातीचा असतो. तोवर तुमच्या लक्षात आलं तर पानाच्या कोपऱ्यातली ‘मदत केंद्र’ नावाची चॅट खिडकी पैसे परत करायचं आश्वासन देते, आणि त्या ‘परताव्या’साठी पुन्हा ओटीपी मागते. यातल्या कुठल्याही पायरीवर शंका आली तर पान तिथेच बंद करायचं. ‘एवढं भरलंच आहे तर पूर्ण करून बघू’ या विचाराने नुकसान वाढतच जातं.

वाट आपली की त्यांची?

खरेदीदाराने, कुरियरवाल्याने किंवा ‘सपोर्ट’ने पाठवलेल्या लिंकवर जे काही खरं असेल ते तुमच्या स्वतःच्या वाटेनेही दिसलंच पाहिजे. पडताळणी अशी करा:

१. मेसेज बाजूला ठेवा. लिंक उघडू नका.

२. मार्केटप्लेसचं ॲप स्वतः उघडा, किंवा ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा. सर्च करून पहिल्या निकालावर क्लिक करू नका. वर येणाऱ्या जाहिरातींमध्येही खोटी पानं असतात.

३. ‘माझे व्यवहार’ किंवा ‘ऑर्डर’ या भागात जा. ग्राहकाने खरंच साइटमार्फत पैसे भरले असतील तर त्याची नोंद तिथे असते. नोंद नसेल तर पैसेही नाहीत.

४. पैसे थेट खात्यात आले असं सांगितलं असेल तर बँकेचं ॲप उघडून शिल्लक आणि शेवटचा व्यवहार पाहा. समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट, ईमेल किंवा एसएमएस पुरावा धरू नका.

५. कुरियरचा ट्रॅकिंग क्रमांक दिला असेल तर तो त्या कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून पाहा.

एसएमएसबद्दल वेगळं सांगायला हवं. एसएमएस पाठवणाऱ्याचं नाव बनावट करता येतं. ते नाव जुळलं की फोन तो मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत दाखवतो. म्हणजे वर तीन खरे मेसेज आणि खाली चौथा खोटा, असं होऊ शकतं. रांग ओळखीची आहे म्हणून मेसेज खरा, हा हिशेब चुकीचा आहे.

खरेदीदार लगेच ‘इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू’ म्हणतो त्यालाही कारण असतं. अनेक मार्केटप्लेस आपल्या चॅटमधल्या संशयास्पद लिंक अडवतात आणि तक्रार आली तर ते संभाषण तपासू शकतात. बाहेर गेलात की हे संरक्षणही सुटतं आणि पुरावाही. नंबर देण्यावाचून गत्यंतर नसेल तर निदान पैशांचं बोलणं साइटच्या चॅटमध्येच ठेवा. खऱ्या ग्राहकाला त्याने काही फरक पडत नाही. जो त्यावर चिडतो किंवा घाई करतो त्याला जाऊ द्यावं.

वेबसाइटचा पत्ता कसा वाचायचा

हे पाच मिनिटांत शिकता येतं आणि आयुष्यभर पुरतं. मोबाइलवर लिंक दाबून धरली की पूर्ण पत्ता दिसतो; कॉम्प्युटरवर लिंकवर माउस नेला की खाली कोपऱ्यात दिसतो.

समजा खऱ्या साइटचा पत्ता उदाहरण.कॉम आहे. आलेल्या लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जा आणि पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा. त्या रेघेपासून डावीकडे, म्हणजे मागे वाचत या. ठिपक्यांनी वेगळे केलेले, रेघेलगतचे शेवटचे दोन तुकडे म्हणजे साइटचा खरा मालक. काही देशांच्या पत्त्यांत मात्र शेवटी दोन छोटे तुकडे जोडीने येतात (जसं ‘को.इन’); तिथे तीन धरायचे. त्याच्या डावीकडे आणि रेघेच्या उजवीकडे वाट्टेल ते लिहिता येतं.

म्हणून ‘उदाहरण.कॉम.सेफ-पेमेंट.टॉप’ ही साइट उदाहरण.कॉमची नाही, ‘सेफ-पेमेंट.टॉप’ची आहे. ‘उदाहरण-डिलिव्हरी.कॉम’ हीसुद्धा वेगळीच साइट आहे. आडवी रेघ म्हणजे ठिपका नव्हे. ती घालून कुणीही नवं नाव विकत घेऊ शकतो. पत्त्याच्या सुरुवातीच्या भागात ईमेलमध्ये असतं तसं ‘ॲट’चं चिन्ह दिसलं, म्हणजे ‘उदाहरण.कॉम’ मग ॲट आणि मग दुसरंच नाव, तर ब्राउझर त्या दुसऱ्या नावावर जातो. चिन्हाआधीचा मजकूर निव्वळ धूळफेक असते.

अक्षरांचे खेळ डोळ्यांना सहज कळत नाहीत. रोमन लिपीतले छोटे आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात. छोटा एल आणि मोठा आय बऱ्याच फॉण्टमध्ये सारखेच. सिरिलिक लिपीतला, म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात तिच्यातला ‘ए’ तर रोमन ‘ए’शी हुबेहूब जुळतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळं अक्षर असतं. असा पत्ता ब्राउझर कधीकधी एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा (xn--) अशा सुरुवातीने दाखवतो. तसं अनपेक्षितपणे दिसलं तर पान बंद करा. डोळ्यांवर फार विसंबू नये याचं हे चांगलं कारण आहे, आणि त्यावरचा उपाय पुढे येतोच.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही फार भिस्त ठेवू नका. तुमचं आणि त्या साइटचं संभाषण वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. साइट कुणाची आहे याची हमी त्यात नाही. सुरक्षा प्रमाणपत्र आता फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, म्हणून खोट्या साइटवरही ते असतं. हा गैरसमज टाळण्यासाठीच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

छोट्या केलेल्या लिंकमध्ये आणि क्यूआर कोडमध्ये पत्ता लपलेला असतो. चॅट ॲपच्या आतच उघडणारा ब्राउझरही अनेकदा पत्ता पूर्ण दाखवत नाही. अशा ठिकाणी काहीही भरायचं नाही, एवढा नियम पुरे.

खातं पळवण्याचे डाव

सगळ्यांचं लक्ष कार्डाकडे असतं, पण चांगला शेरा आणि जुना इतिहास असलेलं तुमचं मार्केटप्लेस खातं ठगाला तितकंच मोलाचं असतं. तुमच्या नावावर तो दहा जणांना फसवू शकतो. डाव मुख्यतः दोन.

पहिला: ‘तुमच्या जाहिरातीविरुद्ध तक्रार आली आहे, २४ तासांत पडताळणी न केल्यास खातं बंद होईल.’ लिंकवर लॉगिनचं पान असतं. इथे टाकलेला पासवर्ड आणि त्यापाठोपाठचा ओटीपी, दोन्ही त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरले जातात. म्हणून नुसत्या ओटीपीने या हल्ल्यात पूर्ण बचाव होत नाही.

दुसरा डाव जास्त गोड असतो: ‘हल्ली फसवणूक फार वाढलीये हो. तुम्ही खरे आहात ना, म्हणून एक कोड पाठवलाय, तो सांगा.’ तो कोड तुमचं व्हॉट्सॲप किंवा ईमेल दुसऱ्या फोनवर सुरू करण्याचा, नाहीतर तुमच्या नंबरावर नवं खातं उघडण्याचा असतो. आपल्या फोनवर आलेला कोड दुसऱ्याला सांगण्याचं खरं कारण खरेदी-विक्रीत कधीच उद्भवत नाही.

बंदोबस्त या क्रमाने करा. सगळ्यात आधी ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच्यामार्फत बदलता येतात. त्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा मागणारी सोय. मग मार्केटप्लेसचं खातं, मग व्हॉट्सॲपमधली दुहेरी पडताळणी, म्हणजे सहा आकडी पिन. जिथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनचं कुलूप उघडून लॉगिन करायची सोय असेल तिथे ती घ्या. पासकी ज्या साइटसाठी बनवली तिच्याच पत्त्यावर चालते. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पत्त्यावर फोन ती देतच नाही, तुम्ही फसलात तरीही. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, हाही पत्ता अक्षर-अक्षर तपासून मगच पासवर्ड भरतो. एखाद्या ओळखीच्या पानावर तो गप्प बसला तर हाताने पासवर्ड टाकू नका. आधी पत्ता बघा. एल आणि आयमधला फरक त्याला कळतो.

खरेदी करताना

खरेदीदाराचा सापळा उलटा असतो: वस्तू स्वस्त, विकणारा लांब, आणि ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ पैसे मध्यस्थाकडे ठेवायची सूचना. मध्यस्थाची साइट तोच पाठवतो. मार्केटप्लेसची स्वतःची सुरक्षित पेमेंट सोय असेल तर ती ॲपच्या आतल्या ‘खरेदी करा’ बटणातूनच सुरू होते, चॅटमधल्या लिंकवरून नाही. जाहिरातीतला फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाकून पाहा. तोच फोटो दुसऱ्या गावच्या जाहिरातीत सापडला तर पुढे जाऊ नका. वस्तूचा नवा फोटो मागा, शेजारी कागदावर आजची तारीख लिहून. वस्तू पाहण्याआधी बयाणा द्यायचा नाही.

विकणाऱ्यांसाठीही एक प्रकार लक्षात ठेवण्यासारखा: ‘चुकून जास्त पैसे गेले, वरचे परत करा.’ आलेले पैसे मुळातच खोट्या मेसेजात असतात किंवा चोरीच्या खात्यातून आलेले असतात आणि पुढे मागे घेतले जातात. तुम्ही परत केलेले मात्र खरे असतात. असं झालं तर स्वतः काही परत पाठवू नका. बँकेला कळवा आणि बँकेमार्फतच होऊ द्या.

‘व्यवहारासाठी हे ॲप टाका’ म्हणून आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाइल) किंवा स्क्रीन शेअर करायची विनंती यावर विचार करत बसू नका. नकार द्या. असं ॲप तुमचे मेसेज वाचू शकतं. स्क्रीन शेअर केला तर ओटीपी समोरच्याला दिसतो.

हातून घडलंच तर

इथे लाज वाटून गप्प बसण्यात वेळ जातो, आणि पैसे वाचायची शक्यता वेळेवरच अवलंबून असते. ही पानं रोज सराव करणाऱ्या टोळ्यांनी बनवलेली असतात. त्यात सापडणं म्हणजे मूर्खपणा नव्हे. घरच्यांना सांगा आणि कामाला लागा. काय दिलं त्यावर काय करायचं ते ठरतं.

कार्डाचा तपशील किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेच्या ॲपमधून कार्ड ताबडतोब ब्लॉक करा, मग कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करा. सर्च करून मिळालेल्या नंबरवर नाही. खोटे हेल्पलाइन नंबर तिथे मुद्दाम पेरलेले असतात. ‘हा व्यवहार फसवणुकीतून झाला, मला त्याला आक्षेप घ्यायचा आहे’ असं स्पष्ट सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

पासवर्ड दिला असेल तर तो बदलणं पुरेसं नाही. ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट’ करा, नाहीतर आधीच आत शिरलेला माणूस आतच राहतो. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल बदललेला नाही ना ते पाहा. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन मेल दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम घातलेला आहे का तेही तपासा; ही जागा बहुतेकांकडून राहून जाते. तोच पासवर्ड इतर ठिकाणी असेल तर तिथेही बदला.

ॲप टाकलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद, म्हणजे फ्लाइट मोड आणि वायफायही बंद. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा आणि पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदला. मग ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या ठिकाणची त्याची परवानगी आधी काढावी लागते. त्यानंतरही शंका उरली तर फोटोंची प्रत काढून फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा.

व्हॉट्सॲपचा कोड सांगितला असेल तर आपल्या नंबराने लगेच पुन्हा नोंदणी करा, म्हणजे दुसऱ्या फोनवरचं लॉगिन तुटतं. आणि तोवर ओळखीच्यांना फोन करून सांगा की आपल्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पुरावा पुसू नका. संताप आला म्हणून चॅट डिलीट केली की तक्रारीतला जीव जातो. संभाषणाचे स्क्रीनशॉट, समोरच्याचं प्रोफाइल, नंबर, लिंकचा पूर्ण पत्ता, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हे एका जागी ठेवा. मग मार्केटप्लेसला ॲपमधूनच तक्रार करा आणि आपल्या भागातल्या पोलिसांच्या सायबर विभागाकडे नोंदवा. पैसे गेले नसले तरी खोटं पान गूगलच्या सेफ ब्राउझिंगला कळवता येतं. ते यादीत गेलं की अनेक ब्राउझर ते उघडताना लाल इशारा दाखवतात.

यानंतरच्या काही दिवसांत आणखी एक फोन किंवा मेसेज येण्याची शक्यता धरा. वकील, तपास अधिकारी, ‘हॅकर’ किंवा बँकेचा माणूस म्हणून कुणी बोलेल, तुमचे गेलेले पैसे सापडलेत म्हणेल आणि ते सोडवायला थोडी फी किंवा एक ओटीपी मागेल. तुमचं नाव फसलेल्यांच्या यादीत विकलं गेलेलं असू शकतं, म्हणून त्याला रक्कमही अचूक माहीत असते. फोन ठेवा आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक घेऊन कार्डामागच्या नंबरवर स्वतः चौकशी करा.